नोरीनला रेंज मिळत नाही

६ जानेवारी

आजपासून रोजनिशी लिहायची. कारण असं की दिवसभरात सुचलेल्या गोष्टी मी रोज जेवताना नोरीनला सांगायचो, आणि सध्या नोरीन घरी नाही. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ती बहिणीकडे गेली, बर्नीकडे, टॅमरॅक तळ्यावर. थोडे दिवस. थोडे म्हणजे किती हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, कारण तेव्हा मी गॅरेजमध्ये पॅनेलचं सोल्डरिंग करत होतो, आणि सोल्डरिंग मध्येच टाकून उठता येत नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, एवढं तिला कळतं.

निघताना म्हणाली, लोर्न, तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्या विषयात रस घेतला. मी तिला दारातच समजावून सांगितलं की भिंत आता पूर्वीची राहिली नाही. साध्या भिंतीवर रेडिओची लहर आपटली की ती वाटेल तिकडे जाते. आमच्या पॅनेलवर मात्र दोनशे छप्पन छोट्या टाइल्स असतात, प्रत्येक टाइल लहरीला जरा जरा वळवते, आणि सगळ्यांनी मिळून ती नेमकी हव्या त्या माणसाकडे धाडतात. टॉवर नाही, तार नाही, वीज नावापुरती. म्हणजे ज्याला सिग्नल पोचत नाही त्याच्यापाशी भिंतच तो पोचवते.

बाहेर उणे एकोणीस होतं, तिच्या हातात बॅग होती, तरी तिने शेवटपर्यंत ऐकलं.

८ जानेवारी

नोरीनला फोन लावला. दोनदा वाजतो आणि व्हॉइसमेलला जातो. चार वेळा तसंच. टॅमरॅकला रेंज नाही हे उघड आहे.

एखादा अडाणी माणूस म्हणेल की दोनदा वाजतो म्हणजे रेंज आहे आणि पलीकडचा माणूस फोन कापतो. पण मी या धंद्यात तीस वर्षं आहे. सिग्नल काठावर असला की असले चाळे होतात.

बर्नीकडे लँडलाइन आहे. पण ती बर्नी उचलते.

९ जानेवारी

लॅबमध्ये हुइलिंगला सांगितलं. ती आमच्याकडची सगळ्यात हुशार आणि सगळ्यात आगाऊ इंजिनियर. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, दर वेळी दोनदाच वाजतो? मी म्हटलं, हो, तेच तर विचित्र आहे. ती म्हणाली, विचित्र नाही रे, नियमित आहे. आणि हसली. तरुण लोकांना मोजमापाचा अनुभव कमी असतो.

डीपफ्रीझमध्ये नोरीनने करून ठेवलेले पाच टूर्टिएर सापडले. ज्या बाईला परत यायचं नसतं ती नवऱ्यासाठी मैद्याच्या पारीत मांस भरून एवढं काही भाजून ठेवत नसते. एक गरम करून खाल्ला. चव लागली नाही. सर्दी असावी.

१५ जानेवारी

संकल्प: महिनाअखेरपर्यंत नोरीनला रेंज मिळवून देणे.

नकाशा काढला. टॉवर बर्नीच्या घराच्या मागे आहे, मध्ये मोठा कडा. घर कड्याच्या सावलीत. पण घरासमोर तळं, आणि तळ्याच्या मधोमध उभं राहिलं तर कड्यावरून टॉवरही दिसतो आणि घराचा दर्शनी भागही. म्हणजे पॅनेल तळ्यावर ठेवायचं, टॉवरकडून येणारी लहर झेलायची, आणि वळवून सरळ बर्नीच्या स्वयंपाकघरात टाकायची. नोरीन स्वयंपाकघरातच असते. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

तळं जानेवारीत फूटभर गोठलेलं असतं. पाया फुकट.

मार्सेल, आमचा लॅबप्रमुख, त्याला सांगितलं की फील्ड ट्रायल करतो. मार्चमध्ये पाहुणे येणार आहेत, त्यांना दाखवायला त्याला काहीतरी हवंच होतं. म्हणाला, कर बाबा, फक्त पॅनेल पाण्यात घालू नकोस. नोरीनबद्दल बोललो नाही. ट्रायलमध्ये युझर कोण हे गुप्तच ठेवतात.

२५ जानेवारी, टॅमरॅक

तळ्यावर पहिला दिवस. एल्मर क्यूल नावाच्या म्हाताऱ्याकडून मासेमारीचं खोपटं मागून घेतलं. एल्मरने उभा जन्म रस्त्यावरचा बर्फ काढायची गाडी चालवली, आता तळ्यावर बसतो. स्नोमोबिलला बांधून खोपटं त्याने मधोमध ओढत नेऊन दिलं. विचारलं, काय पकडणार, पाइक का वॉलाय? मी म्हटलं, काही पकडायचं नाही, सोडायचंय. तो म्हणाला, मग गळ टाकायला बर्फात भोक कशाला पाडू? मी म्हटलं, पाडू नका. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. या तळ्यावर भोक न पाडता खोपट्यात बसणारा मी पहिलाच.

खोपट्याच्या दारात पॅनेल बसवलं. दुर्बीण लावली. बर्नीचं घर स्वच्छ दिसतं. चिमणीतून धूर, खिडकीला पिवळा पडदा, सिंकपाशी नोरीन. कप विसळत होती.

एल्मर म्हणाला, अरे, घर हे एवढं समोर आहे. जा की चालत, दार वाजव, सूप पी आणि बोलून टाक काय ते. मी त्याला समजावलं की ट्रायल चालू असताना युझरला जाऊन भेटलं की निकाल बिघडतात. त्याने खिशातून सुकवलेलं मांस काढून चघळायला घेतलं आणि म्हणाला, तुझा युझर, तुझं तू बघ.

डाव्या हाताची दोन बोटं बधिर. बाकी ठीक.

१ फेब्रुवारी

बीम, म्हणजे वळवलेल्या लहरीचा झोत, चुकला. बर्नीच्या स्वयंपाकघराऐवजी तो काठावरच्या एल्मरच्या संडासात पडला. लाकडी संडास, घरापासून लांब, तिथे फोनवर आजवर कधी रेंजची एक दांडी आली नव्हती. आता पाच येतात. एल्मर काल संध्याकाळी हॉकीची अख्खी मॅच तिथे बसून फोनवर बघून आला. त्याची बायको बाहेरून दार बडवत होती म्हणे. तो म्हणतो, हे असंच राहू दे, आयुष्यात इतकं सुख मिळालं नव्हतं.

कारण शोधलं. खोपट्यात मी प्रोपेनचा हीटर लावतो. त्या उबेने एका पायाखालचा बर्फ वितळतो, खोपटं कलतं, आणि त्याबरोबर बीम. हीटर लावला की नोरीन सुटते, बंद केला की बोटं जातात.

हीटर बंद केला. एखादा निर्णय इतक्या झटपट मी पूर्वी घेतला नव्हता. हे नोरीनला सांगायला हवं.

८ फेब्रुवारी

उणे चोवीस. चार बोटं बधिर. बूट आणि पाय यांत फरक कळत नाही.

बीम आता बर्नीच्या घरावर आहे, पण नोरीन एका जागी थांबत नाही. सिंकपाशी आली तर ठीक. मग उठून चुलीकडे जाते, खिडकीत जाते, लाकडं आणायला बाहेर जाते. बाहेर जाताना बर्नीच्या कैलासवासी नवऱ्याचा शिकारीचा नारिंगी कोट घालते. तो तिला अजिबात शोभत नाही. मी मात्र तिला सिंकपाशी धरून बसलोय.

हुइलिंगला विचारलं. ती म्हणाली, लोर्न, पॅनेल आंधळं असतं. पलीकडून काही परत कळल्याशिवाय कुठे वळायचं हे त्याला कसं समजणार? आधी विचारावं लागतं, मग उत्तर ऐकावं लागतं, मग वळायचं. हे तुझ्याच पेपरातलं वाक्य आहे.

वाक्य माझंच आहे. चांगलं आहे. पण ते पॅनेलबद्दल आहे.

१४ फेब्रुवारी

व्हॅलेंटाइन डे. इतरांसारखी फुलं पाठवली नाहीत. सकाळी बरोबर ती सिंकपाशी असताना बीम पडला, आणि घरावरून परत उसळणारी लहर मीटरवर मोजली तर तिथला सिग्नल आधीपेक्षा दोनशे पट वाढला होता. दोनशे पट! असा आकडा माझ्या आयुष्यात दुसरा नाही. त्याचा ग्राफ करून तिला पाठवला. खाली लिहिलं, हे तुझ्यासाठी.

पोचला. पाहिलाही. उत्तर नाही. दुर्बिणीतून बघितलं तर ती फोन हातात धरून उभी होती, मग तो तिने पालथा ठेवला आणि कप विसळायला लागली.

अक्षांची नावं द्यायची राहिली होती. त्यामुळे कदाचित कळलं नसेल.

संध्याकाळी टूर्टिएर, तिसरा. मध्येच गार.

२० फेब्रुवारी

हुइलिंगच्या गळ्यात नवा मफलर. विणला कोणी, तर नोरीनने. पोस्टाने आला. आधी रंग निवडायला तिने फोटो पाठवले होते, मग फोनवर तासभर बोलणंही झालं. मी विचारलं, कधीपासून बोलता तुम्ही? हुइलिंग म्हणाली, जानेवारीपासून, दर रविवारी. ती फोन करते.

थोडा वेळ काही वाटलं नाही.

मग लक्षात आलं की नोरीन फोन करते, म्हणजे सिग्नल तिच्याकडून बाहेर जातो. माझा आत जायचा असतो. ह्या दोन वाटा वेगळ्या. एक चालते आणि दुसरी चालत नाही असं पुष्कळदा होतं. हुइलिंगला हे सांगितलं तेव्हा तिने मफलर काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, लोर्न, हा घाल, तुझे कान निळे पडलेत. मी म्हटलं, मला गार वाटत नाही. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

मफलर हिरवा आहे. घरी आणला.

२७ फेब्रुवारी

संकल्प: उद्या सकाळी अकराला फोन. त्या वेळी नोरीन नेमकी सिंकपाशी असते, दोन आठवड्यांत चुकलेली नाही. बीम तिच्यावर, पाच दांड्या, फोन कापला जाण्याचा प्रश्नच नाही. ती उचलेल. बोलेल. मी म्हणेन, आता ऐकू येतंय ना? मग ती परत येईल.

बोलण्याचे मुद्दे काढले. पहिला मुद्दा, आता ऐकू येतंय ना. दुसरा अजून सुचला नाही. गाडीत सुचेल.

२८ फेब्रुवारी, सकाळी अकरा

ऊन, वारा नाही, तळं डोळे दिपवणारं पांढरं. मीटरवर आकडा उत्तम. आजवरचा सर्वोत्तम. फोन हातात घेतला आणि तेवढ्यात आकडा धाडकन पडला.

बघतो तर घराच्या बाजूने कोणीतरी बर्फावरून सरळ माझ्याकडे चालत येतंय. नेमकं बीमच्या रेषेत. एवढं मोठं तळं, आणि माणसाने चालायला जागा कुठली निवडावी! माणसाचं शरीर म्हणजे बहुतेक पाणी, ते लहर गिळून टाकतं. पॅनेलसमोर माणूस उभा राहिला की पलीकडे अंधार. मी ओरडलो, बाजूला व्हा. ऐकू गेलं नसावं. बर्फाचं फावडं उचललं आणि दोन्ही हातांनी हलवलं, बाजूला, बाजूला. तो माणूस थांबला. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी छातीशी धरून उभा राहिला. हूड खाली ओढलेलं, चेहरा दिसत नव्हता. मी अजून जोरात ओरडलो की रेषेतून हटा, काम चाललंय. तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग वळला आणि आला तसा परत गेला.

अडथळा गेला. तो काठाला लागून घराकडे दिसेनासा झाला तसा आकडा पूर्ववत. ताबडतोब फोन लावला.

पूर्ण वाजला! दोनदा वाजून तुटला नाही, शेवटपर्यंत वाजला. जानेवारीपासून पहिल्यांदाच. नोरीनने उचलला नाही, सिंकपाशी आज दिसलीही नाही, पण तांत्रिकदृष्ट्या ही फार मोठी प्रगती आहे.

मार्सेलला कळवलं: ट्रायल यशस्वी.

१ मार्च

एल्मर सकाळी आला. नेहमीसारखा टोमणा मारला नाही, माझ्या खोपट्याबाहेर स्वतःसाठी भोक पाडून त्यापाशी बसला. मग म्हणाला, काल बर्नी भेटली दुकानात. सांगत होती, नोरीन तुझ्यासाठी वाटाण्याचं सूप घेऊन निघाली होती. चार दिवस मनाशी ठरवत होती म्हणे. म्हणत होती, मूर्ख महिनाभर गारठून बसलाय, तोच येत नाही तर मीच जाते. तर तू तिला फावडं दाखवून हाकललंस.

मी सांगितलं की हाकललं नाही, ती रेषेत आली होती. शरीर म्हणजे बहुतेक पाणी. एल्मरने ऐकून घेतलं. म्हणाला, हो का. आणि गळ पाण्यात सोडला.

२ मार्च

कोट नारिंगी होता. बर्नीच्या नवऱ्याचा. दुर्बिणीतून तो कोट मी वीसेक वेळा पाहिलाय, इथे लिहूनही ठेवलंय. पण दुर्बिणीतून ती नेहमी लहान आणि लांब दिसायची. समोर आल्यावर ओळखली नाही.

ऊन फार होतं हेही आहे.

जेवलो नाही. हातांना काही कळत नाही. हुइलिंगचा मफलर घालून बसलो. हिरव्या लोकरीला अजून आमच्या घरातल्या नोरीनच्या कपाटाचा वास येतो, देवदाराच्या लाकडाचा. फार आठवण आली.

६ मार्च

ठरवलं. जायचं. बीम वगैरे काही नाही, सरळ चालत जायचं, दार वाजवायचं. एल्मर म्हणाला, शाब्बास. फक्त जाताना ते खोकं ठेवून जा. खोकं म्हणजे मीटर. मी म्हटलं, असू दे हातात, सवय आहे.

निघालो. खोपटं आणि घर यांच्या साधारण मध्यावर आलो तेव्हा सहज मीटरकडे नजर गेली. इतका सुंदर सिग्नल मी आजवर कुठेच पाहिला नव्हता. मी मागे वळून पाहिलं तर पॅनेल उन्हात चमकत होतं. वाटलं, इथूनच फोन करावा. इथून आवाज सगळ्यात स्पष्ट जाईल. दारात उभं राहिलं तर कड्याची सावली.

लावला. नोरीनने उचलला.

मी म्हटलं, आता ऐकू येतंय ना? ती म्हणाली, येतंय, अगदी स्वच्छ. खिडकीतून दिसतोयस तू. मग म्हणाली, बोल, लोर्न.

दुसरा मुद्दा गाडीत सुचला नव्हता. ती थांबली होती. तिच्या मागे बर्नीच्या घरातलं घड्याळ वाजत होतं तेसुद्धा ऐकू येत होतं, इतका कॉल चांगला होता. पुन्हा म्हणाली, बोल ना रे. पिवळ्या पडद्यापाशी ती उभी दिसत होती, हात काचेवर. मी विचारलं, किती दांड्या दिसतायत?

तिने फोन कानापासून काढून पाहिला. मग म्हणाली, पाच.

मी म्हटलं, छान.

नंतर तीच बोलली. आवाज चढवला नाही. म्हणाली की इथे रेंज आधीपासून होती, दोन दांड्या, तेवढ्या पुरतात. आता ती बर्नीकडेच राहणार आहे. रागावून नाही, रागही राहिला नाही. फक्त तिचं शिवणाचं मशीन एल्मरबरोबर पाठवून दे, आणि डावीकडच्या खणातली कात्रीसुद्धा. आणि डॉक्टरला बोटं दाखव. मग तिने फोन ठेवला आणि पडदा ओढला.

कॉल एकदाही तुटला नाही.

१५ मार्च

खोपटी बर्फावरून काढायचा आठवडा. एल्मरने माझंही ओढून नेलं. जिथे होतं तिथे बर्फावर चौकोनी डाग राहिला आहे, आठवड्याभरात पाणी होईल. शिवणाचं मशीन त्याच्या गाडीत चढवलं. कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. तो म्हणाला, संडासातली रेंज गेली तेव्हापासून बायको खूश आहे रे. मग माझा दंड दाबला. दाबल्याचं दिसलं.

लॅबमध्ये पाहुणे येऊन गेले. चौदा फेब्रुवारीचा ग्राफ दाखवला, या वेळी अक्षांना नावं दिली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, युझरचा अभिप्राय काय? मी म्हटलं, पाच दांड्या. हुइलिंग खाली बघत होती. सगळे गेल्यावर तिने कॉफी आणून दिली आणि कप माझ्या बोटांत नीट बसवला.

घरी शेवटचा टूर्टिएर गरम केला. डॉक्टर म्हणतात दोन बोटांना जाणीव परत यायला वर्ष लागेल, कदाचित येणारही नाही. त्याचं काही वाटत नाही. नोरीन यायला हवी होती. एवढंच म्हणायचं होतं, बर्फावर उभा होतो तेव्हा, आणि ते आत्ता, चुलीपाशी उभा असताना सुचलं.

गॅरेजमधलं जुनं पॅनेल स्वयंपाकघरात आणून भिंतीला लावलं. जेवणाच्या टेबलाशी तिच्या खुर्चीकडे वळवलं. मीटर तिच्या खुर्चीवर ठेवून बघितला.

पाच दांड्या.